खडखडाटातले सिनेमे

श्रीनूनं कारखान्याचं शटर वर ढकललं आणि मी सवयीनं दारातच थांबले. सोलापुरात माग असलेल्या खोलीला कारखाना म्हणतात, मग ती घराच्याच पुढच्या अंगाची खोली का असेना आणि तिच्यात चारच यंत्रमाग का असेनात. भवानी पेठेतल्या आमच्या या कारखान्यात शिरताना काय बोलायचं ते दारातच बोलून घ्यायची रीत होती. आत पाऊल पडलं की त्या खडखडाटात माणसाचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू यायचा नाही. आज आत शांत होतं. माग भंगारात गेले त्याला बरीच वर्षं झाली. जमिनीत जिथं त्यांचे पाय रोवलेले होते तिथं सिमेंट भरलंय, कोपऱ्यात सुताची करडी लव अजून साठलेली आहे, आणि तेलाचा वास काही गेलेला नाही.

"अक्का, ही भिंत चालंल का बघ की," श्रीनू म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका ठिकाणी कापड कापायचं काम करतो आणि नायनांना सांभाळतो. नायना म्हणजे आमचे वडील, आणि मी त्यांची बिड्डा, म्हणजे लेक. आमची घरची भाषा तेलुगू, गल्लीतली सोलापुरी मराठी, आणि घरात दोन्ही एकाच ताटात कालवलेल्या. मी पुण्यात शिकवते त्या शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला होता. कारखान्याच्या त्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर मला नायनांना एक सिनेमा दाखवायचा होता. तोही कार्टूनचा. कुणाला हसू येईल, येऊ दे. त्या दुपारी माझ्या दृष्टीनं जगात त्याहून मोठं काम नव्हतं.

नायनांना ऐकू येत नाही. जन्म मागांपाशी उभं राहण्यात गेला आणि त्यात कान गेले. ते ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. मागावरची सगळीच माणसं थोडंफार तसं समजून घेतात, नायना त्यात पक्के झाले होते. पण आता साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. डॉक्टर म्हणाले, यापुढं करण्यासारखं काही नाही, उरलीय ती नजरही जाईल. नजर गेली की ओठही गेले. म्हणजे नायना समोर बसलेले असतील, बोलतीलसुद्धा, आणि आम्हाला त्यांच्याशी बोलता येणार नाही. त्याच्या आत अस्वलाचा सिनेमा त्यांना एकदा दाखवायचा, एवढंच मी मनाशी धरलं होतं. बाकी सगळं हातातून सुटलेलं होतं.

गल्लीच्या टोकाला सीड्या भाड्यानं देणारं एक दुकान होतं. तिथल्या सीडीला चित्राचं वेष्टण नसायचं, पातळ पिशवीवर स्केचपेननं काहीतरी खरडलेलं असायचं, आणि तेही घामेजल्या हातांनी फिसकटलेलं. त्यामुळे जगभर गाजलेल्या त्या कार्टूनच्या सिनेमांची खरी नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. आम्हीच त्यांची बारशी केली. अस्वलाचा, जिराफाचा, आगबोटीचा, राजकन्येचा. शाळेत मुली भलतीच इंग्रजी नावं घ्यायच्या आणि मी गप्प बसून त्यातला जिराफ कुठला असेल याचा अंदाज बांधायची.

टीव्ही मागच्या खोलीत होता आणि मधे एकच भिंत. फळीवरचे पितळी तांबे दिवसभर एकमेकांवर किणकिणत असायचे. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी सिनेमातला एक शब्द कळायचा नाही. मग आम्ही ते बटण फिरवणंच सोडून दिलं. आवाज नसलेले सिनेमे बघणारी घरं त्या काळी पेठेत आणखीही असतील, पण त्यांच्यावरून इतकं भांडणारं घर आमचंच.

अम्मा भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात कापलेली ओली पानं आणि तंबाखू. ती विड्या वळायची. ओल्या पानांचा तो तुरट वास आणि तंबाखूची नाकात चढणारी तिखट धूळ अजून कुठं आली की मला आधी टीव्हीचा निळा उजेड आठवतो. श्रीनूच्या पुढ्यात चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली असायची आणि त्यातले शेंगदाणे तो शेवटासाठी बाजूला काढून ठेवायचा. दुसऱ्या पाळीचा कामगार मागांवर आला की नायना चिंधीला हात पुसत आत यायचे. भुवयांवर, पापण्यांवर सगळीकडे लव. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचे. "नायना, सरका की, दिसत न्हाय," असं श्रीनू त्यांच्या तोंडासमोर जाऊन सांगायचा, ते सरकायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच असायचे.

सिनेमा संपला की निकाल. निकालाशिवाय सीडी परत जायची नाही. नायनांचा नियम एकच, "आवाजाबिगर जे कळंना ते कच्चं." त्यात कार्टूनवाल्यांनी त्यांचा एक जुना राग ओढवून घेतला होता. माणसाच्या ओठांवरून त्यांना शब्द कळायचे, पण कार्टूनमधली तोंडं नुसतीच उघडमीट करायची. "हे काय बोलायलंय?" ते चिडायचे. "तेलुगू न्हाय, मराठी न्हाय, हिंदी बी न्हाय. नुस्तं तोंड हलवायलंय." जिराफाच्या सिनेमात तर एकही प्राणी गप्प बसायचा नाही. शाळेत त्याचा केवढा बोलबाला. वर्गातल्या मुली त्यातली गाणी म्हणायच्या, दप्तरांवर जिराफ, डब्यांवर जिराफ. आमच्याकडे त्याचा निकाल लागला तो एका शब्दात, "तोंडाळ." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं अम्मानं त्याला पुस्ती जोडली. श्रीनू बिचारा जिराफाच्या बाजूनं एकटाच लढायचा. जिराफ पुलाखाली अडकतो तिथं आवाज कशाला हवा, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं हे मी आज कबूल करते.

राजकन्येचा सिनेमा मला मनापासून आवडला होता. नायनांनी तिचा घेरदार झगा बघितला आणि मान हलवली. "कापडाला वीण न्हाय. नुस्ता रंग फासलाय. एकदा पाण्यात घातलं तर काय ऱ्हाईल?"

अम्मा सूप न सोडता म्हणाली, "मी लगीन बघायले. तुमी बसा कापड बघत."

ते त्यांना कळलं नाही, कारण ती खाली मान घालून बोलली होती. असं ती मुद्दाम करायची, आणि मग आम्ही दोघं हसायचो. नायना आमच्याकडे बघून, काय झालं ते न कळता, हसायचे. तेव्हा ती गंमत वाटायची.

अम्माचा नियम ती कधी बोलून दाखवायची नाही, पण तो आम्हाला पाठ होता. तिचे हात बघायचे. पान, तंबाखू, वळणं, दोरा, हे सगळं ती टीव्हीकडे बघत बघत करायची. हात थांबले तर सिनेमा खरा. बहुतेक सिनेमे तिच्या हातांनी चालता चालता बघून टाकले. थांबले ते आगबोटीला. एक लहानशी आगबोट धुक्यात बंदर चुकते, आणि तिच्या अंगावरून भल्यामोठ्या बोटी जात राहतात, एकीलाही ती दिसत नाही. तिथं अम्माच्या हातातलं वळलेलं पान उलगडून सुपात पडलं आणि दोरा दातातच राहिला. नंतर पदरानं डोळे पुसून "तंबाखू गेली डोळ्यात" म्हणाली. आयुष्यभर तंबाखूत बसलेल्या बाईच्या डोळ्यात नेमकी तेव्हाच तंबाखू गेली. आगबोट त्या दिवसापासून अम्माची झाली.

आणि नायनांचं अस्वल. थंडी पडते, सगळे प्राणी झोपायला गुहांत जातात आणि एका थोराड अस्वलाला झोपच येत नाही. ते बाहेर पडतं. चोहीकडे बर्फ. वाटेत कोल्हा भेटतो, घुबड भेटतं, ससे भेटतात, सगळे त्याच्याभोवती तोंडं उघडून नाचतात, आणि अस्वल कुणाकडेही न बघता चालत राहतं.

"त्याला ऐकू येत न्हाय," नायना म्हणाले.

आम्हाला सगळ्यांना ते एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं. मग एक चिमुकला पक्षी त्याच्या डोक्यावर बसतो आणि चोचीनं टोचून टोचून त्याला वाट दाखवतो. शेवटी अस्वल टेकडीवर पोचतं, सूर्य वर येतो, खाली सगळे प्राणी गुहांतून बाहेर पडून त्याच्या नावानं ओरडतात, आणि ते पाठ करून उभंच राहतं. ओरडणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला फक्त ऊन दिसतं. तो सिनेमा नायनांनी किती वेळा आणायला लावला असेल! दुकानदार म्हणायचा, विकतच घ्या की. शेवटच्या त्या टेकडीपाशी नायना टीव्हीला नाक लावून बसायचे आणि त्यांच्या पाठीमागे आम्हाला काहीच दिसायचं नाही. पण तेव्हा कुणी "सरका की" म्हणालं नाही. त्यांचे कान तोवर जवळजवळ गेलेले होते आणि घरात ते कुणीही उच्चारलेलं नव्हतं. आम्ही अस्वलाबद्दलच बोलायचो.

कानाचं यंत्र नंतर आणलं, वरातीमागून घोडं. ते लावून नायना कारखान्यात गेले आणि लगेच परत येऊन ते देवघराच्या खणात टाकलं. "नुस्ता मागच ऐकू येतोय," म्हणाले. मग अम्मा गेली. मग माग गेले. फळीवरचे तांबे किणकिणायचे थांबले, आणि मी सुट्टीला आले की मला त्या घरात झोप लागेना. आता टीव्हीचा आवाज कितीही ऐकू आला असता, पण तोवर सीडीचं ते दुकान जाऊन तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली होती.

पुण्यात एकदा माझी मुलगी मोबाईलवर काहीतरी बघत खिदळत होती. मी डोकावले तर आमचं अस्वल. मी हरखून तिच्याशेजारी बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो सिनेमा ऐकला.

अस्वल बहिरं नव्हतं. त्याचा मध कोल्ह्यानं आणि सशांनी खाल्ला होता म्हणून ते रुसलं होतं. कुणाशी बोलणार नाही अशी शपथ घेऊन चाललं होतं, एवढंच. डोक्यावरचा तो पक्षी वाट दाखवत नव्हता, एकामागून एक पांचट विनोद करत होता. दर थोड्या वेळानं गाणं. आणि टेकडीवर, जिथं नायना नाक लावून बसायचे तिथं, अस्वल एका भारदस्त आवाजात मैत्री म्हणजे काय यावर व्याख्यान देत होतं. आवाजासकट बघितला तर सिनेमा अगदी सामान्य. जिराफाच्या पंगतीतलाच, कदाचित एक पाट खालीच. माझी मुलगी पोट धरून हसत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. मला रडू येत होतं आणि कशासाठी ते घरात कुणाला सांगून कळणार नव्हतं.

श्रीनूला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नायनाला सांगू नको बरं का."

"कशी सांगेन?"

"त्या आवाजवाल्यांना काय कळतंय, अक्का. आपुन बघितला तोच खरा."

अलीकडे मी सोलापूरला आले की टॅबवर नवेनवे कार्टूनचे सिनेमे घालून आणायची. आताचे सिनेमे बघावेत! प्राण्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा हलतो, पाण्याला खरा ओलावा असतो. आवाज बंद करून मी ते नायनांच्या हातात द्यायची. ते टॅब नाकापाशी धरायचे. सुरुवातीला निकाल जुन्या तोऱ्यात यायचे. "केस लई भारी काढलेत. पर जीव न्हाय." नंतर नंतर ते आखूड झाले. "बरा हाय. पर अस्वलाची सर न्हाय." पुढच्या खेपेला दुसरा सिनेमा, आणि निकाल तोच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. ट्यूबलाइटखाली त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन मी नव्या सिनेमाची बाजू मांडायची. नायना हसून मान डोलवायचे. भांडायचे मात्र नाहीत. मला वाटायचं, वय झालं, थकले.

तर त्या दुपारी आम्ही भिंत ओल्या फडक्यानं पुसली. श्रीनूनं प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला आणि खाली लाकडाचा एक ठोकळा सारला. मी नायनांची प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीच्या जरा जवळच, स्टुलाशेजारी मांडली. त्यांना दंडाला धरून आणलं तर दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला.

"थेटरात न्यायलाव व्हय मला?" ते म्हणाले. आणि मग, "कुटला लावणार?"

मी त्यांच्यासमोर वाकून, दारातल्या उजेडात तोंड धरून म्हणाले, "अस्वल."

"आं?"

"अस्वल, नायना."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. श्रीनूनं त्यांचा हात घेतला आणि दंडावरून खालपर्यंत अस्वलासारखी नखं ओढली. नायना मोठ्यानं हसले. "अस्वल! लाव, लाव. लई दिवस झाले."

श्रीनूनं शटर खाली ओढलं. अंधार झाला. मी आवाज पार बंद केला आणि सिनेमा सुरू केला.

काय सांगू! सगळी भिंत बर्फानं भरून गेली. पुसताना उडालेली लव उजेडाच्या झोतात तरंगत होती आणि तिचंही बर्फच झालं होतं. अस्वल गुहेतून बाहेर आलं ते श्रीनूहून उंच. कोल्हा आला, तोंड उघडून नाचला, आणि अस्वल त्याच्याकडे न बघता निघून गेलं. आवाज नव्हता, त्यामुळे मध नव्हता, शपथ नव्हती, व्याख्यान नव्हतं. ते पुन्हा आमचं अस्वल होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं. माझा जीव इतका सुखावला की मी नायनांकडे बघितलंच नाही. मी भिंतीकडेच बघत होते. श्रीनू माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "जिराफापेक्षा हेच चांगलं हाय. मी उगंच भांडत होतो."

"आता सांगतोस होय?"

"तवा सांगितलं असतं तर भांडायला कोण उरलं असतं?"

आम्ही हसलो. मग अम्माची आठवण निघाली, आगबोट आता बघावी की नको यावर थोडा वाद झाला, आणि तेवढ्यात अस्वल टेकडीपाशी पोचलंही. भिंतीवर ऊन चढायला लागलं. त्या उजेडात मी मान वळवून नायनांकडे पाहिलं. हात मांडीवर, पाठ ताठ, चेहरा भिंतीच्या जरा उजवीकडे. तोंडावर हसू होतं, दाढी करून पाहुण्यांकडे गेल्यावर असतं तसं. ते वाट बघत होते.

"लाव की गं, बिड्डा," ते म्हणाले. "शटर वढून किती येळ बसायचं?"

मी श्रीनूकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. टॅब नाकाशी धरून दिलेले ते सगळे आखूड निकाल मला एकदम आठवले, आणि आमचं ते चिडवणं. किती दिवसांपासून? विचारायचं म्हटलं तरी विचारणार कसं?

"सुरू आहे, नायना," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. ओरडलेच. रिकाम्या कारखान्यात माझा आवाज घुमला आणि श्रीनूनं कानांवर हात घेतले.

मग तो उठला. त्यानं नायनांचा हात धरून स्टुलापर्यंत नेला आणि प्रोजेक्टरवर ठेवला. तो तापलेला होता, आतला पंखा फिरत होता. नायनांची बोटं त्याच्यावर थोडा वेळ तशीच राहिली. भिंतीवर सगळे प्राणी गुहांतून बाहेर येऊन ओरडत होते.

"चालूच हाय व्हय?" नायना म्हणाले.

आम्ही दोघांनीही मान हलवली.

त्यांनी हात काढून घेतला, सदऱ्याला पुसला आणि मांडीवर ठेवला.

"मग बंद करा की," ते म्हणाले. "उगं लाईट कशाला जाळायलाव."